संगणकांची सावड

मुलांनो, ‘सावड’ हा शब्द तुम्ही ऐकलाय का? शहरात राहणाऱ्यांनी कदाचित नसेल ऐकला. सुट्टीत गावी गेलात की आजोबांना विचारा. भाताची लावणी आली की चार घरांतली माणसं एकत्र येतात. आज सगळ्यांनी मिळून तुमच्या खाचरात लावणी करायची, उद्या आमच्या, परवा शेजारच्या काकांच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. मुकादम नाही, हजेरीपट नाही, पावती नाही. पण आपल्या शेतात कोण राबलं आणि कोण ऐन वेळी पाठीचं दुखणं काढून घरी बसलं, हे ज्याच्या त्याच्या पक्कं लक्षात असतं! पुढच्या पावसाळ्यात त्याचा हिशेब आपोआप होतो.

आता गंमत ऐका. हीच सावड संगणकांना शिकवता येईल का, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांना पडला. मुकादमाशिवाय, एकमेकांना कधीही न पाहिलेले संगणक एकमेकांची कामं करतील का? ब्राझील देशात २००४ सालच्या डिसेंबरमध्ये अशी सावड प्रत्यक्ष सुरूही झाली. तिचं नाव होतं ‘अवरग्रिड’, म्हणजे ‘आपलं जाळं’.

ती कशी रचली, त्यात कुठली कोडी आली आणि ती कशी सुटली, ते आज पाहू या.

कोरड्या मुलखातली गरज

ब्राझील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ॲमेझॉनचं घनदाट जंगल येतं. पण त्याच देशाच्या ईशान्येला मोठा कोरडा मुलूख आहे. पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा. पराईबा राज्यातलं कांपिना ग्रांदे हे शहर याच भागातलं. २०१२ ते २०१७ या वर्षांत इथे इतका लांबलचक दुष्काळ पडला, की शहराला पाणी देणारं बोकेराँवचं धरण जवळजवळ तळाला गेलं होतं.

अशा ठिकाणी तीन प्रश्नांची उत्तरं सोन्याच्या मोलाची असतात. यंदा पाऊस किती पडेल? त्यातलं किती पाणी वाहत धरणात येईल? आणि ते किती दिवस पुरेल? ही उत्तरं संगणक काढतात. आधी हवेचं गणित, त्याच्या उत्तरावरून नदीनाल्यांचं गणित, त्यावरून धरणाचं गणित. आणि हे एकदा करून भागत नाही. पाऊस थोडा कमी पडला तर? उशिरा पडला तर? शेतीला जास्त पाणी सोडलं तर? प्रत्येक ‘तर’साठी सगळी आकडेमोड नव्याने करायची. बघता बघता शेकडो गणितं होतात.

कांपिना ग्रांदेच्या विद्यापीठातल्या संशोधकांना अशी अडचण असलेल्या कितीतरी छोट्या प्रयोगशाळा दिसत होत्या. समजा, एका प्रयोगशाळेत वीस संगणक आहेत. वर्षातले बरेच दिवस त्यातले अर्धे नुसते बसून असतात. आणि मग एखाद्या आठवड्यात असं काम येतं, की दोनशे संगणकही कमी पडावेत! शेजारच्या प्रयोगशाळेची गतही तीच, फक्त तिचा घाईचा आठवडा वेगळा. म्हणजे अगदी लावणीसारखंच झालं की नाही?

मोठं यंत्र, मोठी व्यवस्था

तुम्ही म्हणाल, मग एक महासंगणक का नाही घेत? घेता येतो, पण तो फार महाग असतो. पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला, तेव्हा देशाला केवढा अभिमान वाटला होता! त्यातही युक्ती हीच होती, की एका अवाढव्य मेंदूऐवजी बरेच छोटे मेंदू एकत्र कामाला लावायचे. पण असं यंत्र गावोगावच्या प्रयोगशाळेत कुठून येणार?

दुसरा मार्ग म्हणजे ‘ग्रिड’. हा शब्द विजेच्या ग्रिडवरून आला. आपण बटण दाबतो, दिवा लागतो. वीज कोयनेची की चंद्रपूरची, हे आपण विचारत नाही. तशीच गणनाशक्तीही जाळ्यातून मिळावी, असा विचार इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन या शास्त्रज्ञांनी १९९८ च्या सुमाराला मांडला. पुढे अशी ग्रिड झालीही. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संस्थेत कणांची टक्कर घडवतात. त्या प्रयोगांची माहिती तपासायला चाळीसहून अधिक देशांतली सुमारे १७० केंद्रं जोडलेली आहेत. त्यातलं एक आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे, बरं का!

पण अशा ग्रिडमध्ये शिरायचं म्हणजे करार, नियम, बैठका, सह्या आल्या. मोठ्या संस्थांना ते जमतं. वीस संगणकांच्या प्रयोगशाळेला कोण विचारतो?

लाखो हात, पण मुकादम एकच

तिसरा मार्ग लोकांच्या घरातून गेला. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शास्त्रज्ञांनी ‘सेटी ॲट होम’ हा उपक्रम सुरू केला. अरेसिबोच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींमध्ये परग्रहावरच्या कुणाची हाक ऐकू येते का, हे शोधायचं होतं. त्यांनी त्या नोंदींचे सुमारे ३५० किलोबाइटचे तुकडे केले आणि इंटरनेटवरून घरोघरी पाठवले. तुम्ही चहा प्यायला उठलात, की तुमचा संगणक परग्रहवासीयांना शोधायला लागणार! जगभरातून पन्नास लाखांहून अधिक लोक यात सामील झाले. परग्रहवासी काही सापडले नाहीत. पण घरातले संगणक एकत्र आले की केवढं काम होतं, ते जगाला कळलं.

मात्र इथे एक गोष्ट नीट पाहा. हात लाखो, पण काम वाटणारा एकच. बर्कलीचा मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, कामाचे तुकडे देणार आणि उत्तरंही तोच घेणार. ३१ मार्च २०२० रोजी शास्त्रज्ञांनी नवे तुकडे पाठवणं थांबवलं, आणि त्याबरोबर ते काम जगभर थांबलं. शिवाय तिथे काम कुणाचं करायचं, हेही मुख्य केंद्रच ठरवतं. तुमच्या माझ्या शाळेचं गणित तिथे कोण घेणार?

नॅपस्टरचंही तसंच झालं. १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या कॉलेजातल्या मुलाने गाण्यांच्या फायलींची देवाणघेवाण करायला हा कार्यक्रम लिहिला. गाणी लोकांच्या संगणकांवर होती, पण कुठलं गाणं कुणाकडे आहे याची यादी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर. कलावंतांची आणि कंपन्यांची परवानगी न घेता गाणी वाटली जात होती, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, आणि जुलै २००१ मध्ये ती यादी बंद झाली. यादी गेली, सगळं गेलं.

मग अभियंत्यांनी ठरवलं, मुकादमच नको! सगळे सारखे. मागणारेही आपणच आणि देणारेही आपणच. याला इंग्रजीत ‘पीअर टु पीअर’ म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा, आपला जोडीदार. म्हणायला किती सोपं! पण मुकादम गेला, की तो करत असलेली सगळी कामं आपल्या गळ्यात येतात. कोण कुठे आहे हे कोण सांगणार? कुणी मध्येच निघून गेलं तर? आणि फुकट्यांचं काय करायचं?

पहिलं कोडं : शोधायचं कसं?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ओरडून विचारणं. २००० साली निघालेल्या ‘न्युटेला’ या जाळ्यात जवळपास असंच होतं. मी माझ्या शेजाऱ्यांना विचारायचं, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, आणि असं सात जणांपर्यंत पुढे. चाळीस मुलांच्या वर्गात सगळ्यांनी एकदम ‘माझा कंपास कुणी पाहिला का?’ असं विचारायला सुरुवात केली तर काय होईल? गोंगाट! जाळं वाढलं की प्रश्नांचीच गर्दी होते, कामाला वाट उरत नाही.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या पाच जणांनी एक सुंदर उत्तर दिलं. त्यात आपल्या मद्रास आयआयटीत शिकलेले हरी बालकृष्णन होते. त्यांच्या पद्धतीचं नाव ‘कॉर्ड’. भूमितीत वर्तुळाची जीवा शिकलात ना? कॉर्ड म्हणजे तीच जीवा.

ही पद्धत मैदानावर खेळूनच पाहा. दोन वर्ग एकत्र करा आणि ६४ जण गोलात बसा. क्रमांक ० पासून ६३ पर्यंत. ६३ च्या शेजारी पुन्हा ०. आता नियम असा, की प्रत्येकाने फक्त सहा जणांना ओळखायचं. आपल्यापासून पुढचा १ ला, २ रा, ४ था, ८ वा, १६ वा आणि ३२ वा. बाकी कुणाची ओळख ठेवायची नाही.

आता वाचनालयाची पुस्तकं वाटा. ती कशीही वाटायची नाहीत. पुस्तकाच्या पानांना ६४ ने भागा, बाकी उरेल त्या क्रमांकाच्या मुलाकडे पुस्तक द्या. २५० पानांचं पुस्तक असेल तर ६४ त्रिक १९२, बाकी ५८. म्हणजे ते ५८ व्या मुलाकडे गेलं.

समजा, ५ व्या क्रमांकाच्या मुलीला ते पुस्तक हवंय. तिनेही तोच भागाकार केला, उत्तर ५८. म्हणजे कुणालाही न विचारता पुस्तक कुणाकडे आहे ते तिला कळलं! पण ५८ वा मुलगा तिच्या ओळखीचा नाही. तो तिच्यापासून ५३ घरं पुढे आहे. मग तिने आपल्या ओळखीतल्यांपैकी सगळ्यात लांबची, पण ५८ च्या पुढे न जाणारी उडी घ्यायची. ३२ ची उडी, चिठ्ठी गेली ३७ कडे. तो १६ ची उडी मारून ५३ कडे देतो. तो ४ ची उडी मारून ५७ कडे, आणि त्याच्या शेजारीच ५८! चार उड्यांत काम झालं. ६४ जणांत कुणीही कुणाला शोधलं तरी सहापेक्षा जास्त उड्या लागत नाहीत. आणि खरी कमाल पुढेच आहे. दहा लाख संगणकांच्या गोलातही साधारण वीस उड्या पुरतात, कारण प्रत्येक मोठ्या उडीत उरलेलं अंतर निम्म्याच्या आत येतं.

खऱ्या जाळ्यात पानांऐवजी नावावरून एका ठरलेल्या गणिती कृतीने क्रमांक काढतात. कॉर्डच्या गोलात एवढे क्रमांक असतात, की ती संख्या लिहायला ४९ अंक लागतात. त्यातले बहुतेक क्रमांक रिकामेच. मग वस्तू गोलात पुढे बसलेल्या पहिल्या संगणकाकडे जाते. याच जातीची ‘कडेमलिया’ नावाची पद्धत २००२ मध्ये आली आणि बिटटॉरेंटसारख्या मोठ्या जाळ्यांत २००५ पासून वापरात आली.

पण संगणकांच्या सावडीत आणखी एक अडचण असते. ‘अमुक पुस्तक कुठे’ हे सांगणं सोपं. ‘मोकळा कोण’ हे सांगणं अवघड, कारण ते घटकेघटकेला बदलतं. त्यासाठी वापरतात ती कुजबुज. हो, अगदी तुमच्या वर्गात चालते तीच! प्रत्येक संगणक थोड्या थोड्या वेळाने कुणातरी एकाला स्वतःची आणि ऐकलेली खबर सांगतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा फेऱ्यांत हजाराच्या वर. काही जणांना तीच बातमी दोनदा ऐकू येते म्हणून थोड्या फेऱ्या जास्त लागतात, एवढंच. १९८७ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी ही युक्ती माहितीच्या नोंदी सारख्या ठेवायला वापरली होती. तिचा मोठा गुण म्हणजे दोन-चार जण गैरहजर असले तरी कुजबुज थांबत नाही. बाईंनाही ती थांबवता येत नाही, मग संगणक बिघडला म्हणून काय होतंय!

दुसरं कोडं : मध्येच उठून गेला तर?

घरचा किंवा प्रयोगशाळेचा संगणक कधीही बंद होतो. वीज जाते, कुणी बटण दाबतं, मालकाला स्वतःचं काम आठवतं. त्यामुळे मुकादम नसलेल्या जाळ्यात ‘हा जाणारच’ असं धरूनच चालायचं. गोलातल्या खेळात प्रत्येक पुस्तकाच्या दोन-तीन प्रती पुढच्या शेजाऱ्यांकडेही ठेवायच्या. ५८ वा उठून गेला, तर ५९ वा आपोआप त्याच्या जागी.

कामाच्या बाबतीत अवरग्रिडच्या मंडळींनी एक साधी युक्ती काढली. समजा, १०० गणितं आहेत. ती मिळतील त्या संगणकांना एकेक वाटत जायची. सगळी वाटून झाली, पण शेवटची पाच रेंगाळली आहेत, आणि इकडे काही संगणक मोकळे झालेत. मग ती पाच गणितं मोकळ्यांनाही द्यायची! ज्याचं उत्तर आधी येईल ते घ्यायचं, बाकीच्यांना थांबवायचं. यात थोडं काम वाया जातं हे खरं. पण कुठला संगणक वेगवान, कुठला मंद, कुणाची वीज जाणार, याची आधी काहीच माहिती लागत नाही. मुकादमाला जी माहिती लागते, तिची गरजच काढून टाकली.

तिसरं कोडं : फुकटे आणि बहुरूपी

हे कोडं सगळ्यात अवघड. २००० साली दोन संशोधकांनी न्युटेलाची पाहणी केली. तेव्हा जवळजवळ ७० टक्के लोक स्वतःची एकही फाईल देत नव्हते, नुसतं घेत होते! दहातले सात जण फुकटे असतील तर सावड किती दिवस टिकेल?

तुम्ही म्हणाल, फुकट्यांची नावं फळ्यावर लिहा. पण फळा कुणाचा? लिहिणार कोण? मुकादम तर नाही. आणि दुसरी पंचाईत म्हणजे, इंटरनेटवर नाव बदलणं एका मिनिटाचं काम. आपल्याकडचा बहुरूपी आज पोलीस, उद्या मारुती होऊन दारात येतो ना, तसा एकच लबाड शंभर नावांनी येऊ शकतो. जॉन डूसर या संशोधकाने २००२ मध्ये दाखवून दिलं, की ओळखीची खात्री देणारं कुणीतरी विश्वासाचं नसेल, तर असे बहुरूपी पूर्णपणे रोखणं व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे.

अवरग्रिडने बहुरूपी रोखले नाहीत. त्यांनी सोंग घेण्यातला फायदाच संपवला. त्यांच्या पद्धतीचं नाव ‘उपकारांचं जाळं’. तिचे नियम असे.

प्रत्येक प्रयोगशाळेने आपली एक वही ठेवायची. कुणी आपलं काम केलं तर त्याच्या नावापुढे तेवढी भर. आपण त्याचं काम केलं तर तेवढी वजाबाकी. दुसऱ्याच्या वहीत काय लिहिलंय ते विचारायचं नाही, तिसऱ्याच्या चहाड्या ऐकायच्या नाहीत. आपण जे स्वतः अनुभवलं तेवढंच खरं. दोघांनी एकदम मदत मागितली, तर ज्याच्या नावापुढे जास्त जमा त्याला आधी.

उदाहरण पाहू. मालती, बबन आणि गंपू अशा तिघांच्या प्रयोगशाळा आहेत असं समजा. बबनने मालतीचं ८ तासांचं काम केलं, तिने त्याचं ३ तासांचं. मालतीच्या वहीत बबनचे ५ जमा. गंपूने काहीच केलं नाही, त्याचे ०. दोघांनी संगणक मागितले, तर बबनला आधी मिळणार. बबनला नको असतील तर मात्र गंपूलाही मिळतात! संगणक नुसता बसून राहण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडला तर बरं, नाही का? गंपूने ६ तास वापरले.

आता सांगा, गंपूच्या नावापुढे काय लिहायचं? उणे ६?

नाही! तिथे ० च लिहायचा. वहीत शून्याच्या खाली उतरायचंच नाही, हाच सगळ्यात हुशार नियम आहे. का, ते बघा. उणे ६ लिहिलं असतं, तर गंपूने उद्या ‘झंपू’ नाव घेतलं असतं आणि नवा पाहुणा म्हणून ० वर आला असता. म्हणजे नाव बदलण्यात ६ चा फायदा! पण जुन्या फुकट्याचेही ० आणि नव्या पाहुण्याचेही ०, मग सोंग घेऊन मिळणार काय? बबनच्या पुढे जायचं असेल तर एकच रस्ता, काम करा. पुन्हा नवा आलेला खरा गरजूही दारातून हाकलला जात नाही. त्यालाही उरलेलं मिळतं आणि हळूहळू नाव कमावता येतं.

बघा, कुठे पोलीस नाही, बँक नाही, कुलूप नाही. फक्त ज्याची त्याची वही आणि एक शून्य.

पाहुणा आणि घरधनी

दुसऱ्याचं काम आपल्या संगणकावर चालवायचं म्हणजे अनोळखी पाहुणा घरात घ्यायचा. त्याने कपाटं उघडली तर? म्हणून पाहुण्याला ओसरीवरच बसवायचं. अवरग्रिडमध्ये बाहेरचं काम एका बंदिस्त आभासी संगणकात चालायचं. तिथून त्याला मालकाच्या फायली दिसत नसत आणि इंटरनेटवरही जाता येत नसे. आणि घरधन्याला स्वतःचं काम आलं, की पाहुण्याचं काम तिथेच बंद. घरचं काम आधी, हा नियम पक्का. त्यामुळे कुणाला सामील होताना भीती वाटायचं कारण उरलं नाही.

आणि पाहुण्याने करून आणलेलं उत्तर खोटं असलं तर? काही उत्तरं तपासणं सोपं असतं. २०४७ ला कुठल्या संख्यांनी भाग जातो हे शोधायला वेळ लागतो. पण कुणी ‘२३ आणि ८९’ म्हणालं, तर एका गुणाकारात खरंखोटं होतं. जिथे असं जमत नाही, तिथे तेच गणित दोघांना देऊन उत्तरं जुळतात का पाहायचं. सेटी ॲट होममध्येही एकच तुकडा एकाहून अधिक संगणकांकडे पाठवत. यात दुप्पट मेहनत लागते. पण अनोळखी माणसांबरोबर काम करायचं तर एवढी किंमत मोजावीच लागते.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. दहा जणींनी पोळ्या लाटल्या तर पोळ्या लवकर होतात. पण दहा जणांनी मिळून विरजण लावलं, म्हणून दही तासाभरात लागत नाही! ज्या कामाचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात, तेच काम सावडीने चांगलं होतं. पावसाचा प्रत्येक ‘तर’ वेगळा, म्हणून ते काम इथे जमलं. कांपिना ग्रांदेच्या परिसरातल्या संशोधकांनी पाण्याच्या नियोजनासाठी ‘सेगइद्रो’ नावाचा प्रकल्प उभारला आणि त्याची आकडेमोड अवरग्रिडच्या आधाराने केली. एकट्या प्रयोगशाळेला जे परवडलं नसतं, ते शेजाऱ्यांच्या रिकाम्या संगणकांनी करून दिलं.

आईबाबांसाठी चार ओळी

घरच्या संगणकाने विज्ञानाला हातभार लावायचा असेल तर तशी सोय आजही आहे. बर्कलीमध्येच तयार झालेल्या ‘बॉइंक’ या मोफत कार्यक्रमातून वेगवेगळ्या प्रकल्पांत भाग घेता येतो. त्यांना मुख्य सर्व्हर असतो, म्हणजे ती पुरती सावड नव्हे. पण काम खरं असतं. ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या प्रकल्पात २०१० मध्ये अमेरिकेतलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक गृहस्थ यांच्या संगणकांवर चक्क एका नव्या स्पंदक ताऱ्याचा शोध लागला!

मात्र दोन गोष्टी पाळा. संगणक सतत पूर्ण जोराने चालला की तापतो आणि विजेचं बिलही वाढतं. तेव्हा किती वेळ चालवायचा हे आधी ठरवा. आणि संगणक दुसऱ्याचा असेल, शाळेचा असो की ऑफिसचा, तर विचारल्याशिवाय काहीही बसवू नका. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका कॉलेजातल्या कर्मचाऱ्याने कॉलेजच्या संगणकांवर असाच एक कार्यक्रम बसवला. परवानगी नव्हती म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला. २००२ मध्ये दंड आणि समाजसेवा यांवर तो मिटला. हेतू चांगला असला तरी दुसऱ्याची बैलजोडी न विचारता सावडीला नेत नाहीत!

करून पाहा

६४ जणांचा खेळ वर्गात नक्की खेळा. मग दोघा-तिघांना गोलातून उठवा आणि चिठ्ठी तरीही पोचते का ते बघा. शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचं नावही माहीत असेल तर सोपं जाईल.

आणि हे एक कोडं घरी सोडवा. ४० व्या क्रमांकाच्या मुलाला १२ व्या क्रमांकाच्या मुलीकडे चिठ्ठी पाठवायची आहे. चिठ्ठी फक्त पुढच्या दिशेनेच जाते आणि ६३ नंतर ० येतो. कमीत कमी किती उड्या लागतील, आणि वाटेत चिठ्ठी कुणाच्या हातून जाईल?

(उत्तर : दोन उड्या. ४० पासून ३२ ची उडी मारली की ८ वा क्रमांक येतो, आणि तिथून ४ ची उडी मारली की १२ वा.)